बिजागरीवरचं करमाड

निंगबो, चीन
१५ एप्रिल २०२५

तनुजे, जय भीम!

व्हॉट्सअॅप या देशात चालत नाही, हे तुझं दुर्दैव. माझी लांबलचक पत्रं ईमेलवर वाचण्यावाचून तुला गत्यंतर नाही.

काल चौदा एप्रिल. जयंती एकटीनंच केली. टेबलावर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, मेणबत्ती, आणि खीर करायची म्हणून दुकानातून शेवया आणल्या. त्या निघाल्या तांदळाच्या. दुधात टाकल्याबरोबर त्यांचा लगदा झाला. वासानं खालच्या घरमालकीणबाई वर आल्या. फोटोकडं बघून विचारलं, "वडील?" मी म्हटलं, "वडिलांचेही वडील." बाईंनी वाटीभर लगदा न कुरकुरता खाल्ला. मग मूर्तीकडं बघून मला सांगायला लागल्या, बुद्धाला हात कसे जोडायचे ते! मी फोनवर नकाशा काढला, फर्दापूरवर बोट ठेवलं आणि सांगितलं, याच्या अलीकडच्या डोंगरात अजिंठा आहे, माझ्या घरापासून सकाळी निघालं तर रात्री जेवायला परत येता येतं, आणि तिथली जुनी लेणी बुद्ध तुमच्याकडं पोचायच्या आधीची आहेत. बाईंनी नकाशा मोठा करून बघितला. जाताना त्यांनी मला संत्री दिली.

आता कामाचं. अमेरिका आणि चीन यांचं जे चाललंय ते तू बातम्यांत बघतेसच. इकडून जकात वाढवली की तिकडून वाढवतात. माझी नोकरी अमेरिकेच्या एका कंपनीच्या खरेदी ऑफिसात, इथल्या कारखान्यांत जाऊन दारा-खिडक्यांचं सामान तपासायचं. गेल्या आठवड्यात सगळे कंटेनर बंदरावर अडकले. ऑफिसात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. काल साहेबांनी विचारलं, "भारतात कुणी चांगल्या बिजागऱ्या बनवतं का?"

मी दुसऱ्या कुणाचं नाव घेणार गं? पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षी तुझ्या तात्यांच्या शेडमध्ये बिजागऱ्या कापायची पहिली डाय आपण दोघींनीच बसवली होती. हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस. त्या डायवरची पहिली बिजागरी अजून माझ्या पर्समध्ये आहे. मी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली.

नमुन्याचं खोकं पाठव, लगेच. आणि हात जोडून सांगते, खोक्यात फक्त बिजागऱ्या घालायच्या. हळद नको, कुंकू नको. मागं पुण्याच्या गिऱ्हाइकानं कुंकू बघून गंज म्हणून अख्खा माल परत केला होता, विसरली नसशील.

तुझीच,
करुणा


करमाड
२७ एप्रिल २०२५

करुणे,

खोकं निघालं. कुंकू नाही. मनकर्णाबाईनं पॅकिंग करताना मला तीनदा विचारलं, "ताई, येक बोट तरी लावू का?" मी नाही म्हटलं. तिला वाटतंय आता माल बुडणार.

तुझं पत्र आलं तेव्हा आपल्या दोन प्रेस पोत्यांनी झाकलेल्या होत्या. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. वाळूजच्या ज्या कंपनीला आपण माल द्यायचो तिनं जानेवारीपासून काम बंद केलंय. दिवाळीपर्यंत दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही तर शेड गोदाम म्हणून भाड्यानं द्यायची, असं तात्या स्वतःच बोलले. आणि बोलल्यावर दोन दिवस नीट जेवले नाहीत.

तुला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीसाठी जमीन गेली तेव्हा गावातल्या इतरांनी गाड्या घेतल्या, मंगल कार्यालयं बांधली. तात्यांनी उरलेल्या तुकड्यावर शेड टाकली आणि एकुलत्या एका लेकीला तिच्यात उभं केलं. तेव्हापासून पारावर एकच चेष्टा चालते, तात्यासाहेबानं सोनं देऊन लोखंड घेतलं. म्हणून तर प्रत्येक बिजागरीच्या पाठीवर 'करमाड' असा ठसा मारायचा त्यांचा हट्ट. दार बसवलं की ती बाजू लाकडात जाते, कुणाला दिसत नाही. मी किती वेळा म्हटलं, कशाला मारायचा? तर म्हणतात, "दिसत नाय म्हनून काय झालं? लोखंडाला तर ठावं ऱ्हातं."

आता ते लोखंड अमेरिकेला जाणार म्हटल्यावर म्हातारा सकाळी दाढी करून शेडवर येतोय. पारूबाई प्रेसवर बसली की मागं उभे राहून सांगतात, "सांभाळून गं बाई, इलायतेतलं दार हाय."

तू जेवतेस का नीट? भाकरी मिळत नाही म्हणून रडू नकोस. फोटो पाठवते भाकरीचा.

तुझी,
तनुजा


निंगबो
२४ मे २०२५

तनुजे, जय भीम!

पास! सगळ्याच्या सगळ्या पास!

इथं एक यंत्र आहे, दिवसरात्र दार उघडतं आणि मिटतं. त्याच्यावर तुमची बिजागरी लावली. यंत्र गरम झालं, बिजागरी कुरकुरलीसुद्धा नाही. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी ती माहेराहून रुखवतात आणली होती. मी खुर्चीत ताठ बसले. छोट्या मागणीचं पुढच्या महिन्यात नक्की होईल.

पण बाई, खोक्याच्या तळाशी ज्वारी कुठून आली?

प्रयोगशाळेतल्या पोरानं हातमोजे घालून एकेक दाणा चिमट्यानं उचलला. पिवळी चिकटपट्टी लावून खोकं बाजूला ठेवलं. माझ्या नावानं अहवाल आला की मालात अनोळखी बियाणं सापडलं. दुसऱ्या देशात धान्य असं पाठवायचं नसतं गं, रोग जातात, कीड जाते. मी ऐकून घेतलं, माफी मागितली. तुझ्यावर भयंकर चिडले होते.

मग एक वेगळंच झालं. ज्यांच्या कारखान्यातून आम्ही आजवर बिजागऱ्या घ्यायचो ते शेन तिथं आले होते. साठीच्या पुढचे आहेत, मी त्यांना शेनबाबा म्हणते. आपला माल आणि त्यांचा माल शेजारी ठेवून बघायला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी आधी 'करमाड' ठशावर बोट फिरवलं आणि विचारलं, हे दोरीवर कपडे वाळत घातल्याचं चित्र काय आहे? मी म्हटलं, गावाचं नाव आहे, आमची अक्षरं रेषेला लटकतात. मग त्यांची नजर त्या दाण्यांवर गेली. एकदम लहान पोरासारखे ओरडले, "गाओल्यांग!" त्यांच्या आईच्या गावी, उत्तरेला, ज्वारी पिकते! आणि मी तीन वर्षं इथं भाकरीवाचून तळमळतेय! अर्थात इकडं ते तिची दारूच जास्त करतात. हे तात्यांना सांगू नकोस.

पिवळी पट्टी लावलेल्या खोक्यातली चिमूटभर ज्वारी शेनबाबांनी हळूच खिशात घातली. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

एक सांगते. तुमचा माल पास झाल्याचा मला आनंद झाला, पण त्यांच्याकडं बघवेना. तुम्हाला मिळणारं काम त्यांच्याच हातून निघून येतंय. त्यांच्या चार प्रेस बंद आहेत. त्यांच्याकडं पोती नाहीत, प्लास्टिक झाकतात, एवढाच फरक.

करुणा


करमाड
१ जून २०२५

करुणे,

ज्वारी तात्यांची. मी मनकर्णाबाईवर पाळत ठेवली आणि खरा चोर मागून आला.

विचारलं तर मुळीच लाजले नाहीत. म्हणाले, "म्हाईत नाय का तुला? खळ्यावरनं पयली गाडी बाजाराला निघाली की तिच्यात मागल्या सालची मूठभर ज्वारी टाकायची. माझा बाप टाकायचा, त्याचा बाप टाकायचा. नवा माल येकटा जाऊ नाय. सोबत लागती." मी म्हटलं, तात्या, ही बिजागरी आहे, हुरडा नाही. तर म्हणाले, "बिजागरी झाली म्हनून तिला काय परमुलखात करमतंय व्हय?"

तू चीनला निघालीस तेव्हा तुझ्या बॅगेतही त्यांनी पुरचुंडी कोंबली होती आणि विमानतळावरच्या लोकांनी ती काढून घेतली होती. तू फोनवर हसत सांगितलंस. मी त्यांना ते सांगितलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबी तू तिकडं सोबतीनं आहेस.

आता कडक ताकीद दिलीय, परत दाणा टाकायचा नाही. तोंड फुगवून बसलेत. पण शेनबाबांचं ऐकून खुलले. तुझ्यासाठी निरोप आहे, "त्या बाबाला म्हनावं, बी गावरान हाय, पानी लई घालू नको, माजंल."

शेनबाबांच्या चार प्रेसचं वाचून मलाही कसंतरी झालं. पण काम आलं तर मी नाही म्हणणार नाही, हेही खरं. पारूबाईला कळवलंय, पोती काढून धुऊन ठेव.

तनुजा


निंगबो
३ जुलै २०२५

प्रिय तनुजा,

आमच्या कार्यालयातर्फे आपल्या कारखान्यासमोर एक प्रस्ताव ठेवत आहे.

श्री. शेन यांच्या कारखान्यातील तयार बिजागऱ्या कोणताही ठसा न मारता आपल्याकडे पाठवल्या जातील. आपण त्यांवर आपला 'करमाड' हा ठसा मारून, आपल्या खोक्यांत भरून, त्या अमेरिकेला रवाना कराव्यात. कागदोपत्री माल भारतात तयार झाल्याचे दाखवले जाईल. त्यामुळे चीनच्या मालावरील जकात लागणार नाही. आपल्याला उत्पादनाचा त्रास नाही आणि काम वर्षभर पुरेल. आपण स्वतः तयार केलेल्या मालाच्या मागणीचा विचार त्यानंतर केला जाईल.

कृपया लवकर उत्तर द्यावे.

आपली,
करुणा


करमाड
५ जुलै २०२५

करुणा,

तुझं पत्र तात्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुन्यांदा वाच." पुन्हा वाचलं. मग उठले, प्रेसवरून करमाडचा ठसा काढला आणि बंडीच्या खिशात टाकला. जेवायला बसले तरी तो खिशातच होता.

आम्हाला काम हवं आहे. किती हवं आहे ते तुला माहीत आहे, म्हणून तर नकार नीट लिहून पाठवते, म्हणजे कुणाला वाटायला नको की आम्हाला प्रस्ताव कळला नाही.

करमाड लहान गाव आहे. जालना रस्त्यानं जाणारे लोक इथं चहापुरते थांबतात. आमच्या गावाला दुसरं काही देता आलं नाही म्हणून माझ्या वडिलांनी त्याचं नाव लोखंडावर मारलं. आम्ही बनवलेल्या लोखंडावर. ती बिजागरी मोडली तर बदनामी आमची आणि टिकली तर अब्रू आमची. पारूबाईच्या हाताखालून जी बिजागरी गेली नाही तिच्यावर ते नाव मारलं जाणार नाही.

आणि दुसरी गोष्ट शेनबाबांची. अमेरिकेचं आणि चीनचं भांडण असेल. चीनचं आणि आपलंही असेल. माझं त्या माणसाशी भांडण नाही. उद्या त्यांनी आमच्यापेक्षा सरस बिजागरी करून आमचं गिऱ्हाईक नेलं तर आम्ही हरलो म्हणू आणि आमची डाय सुधारू. पण त्यांच्या माणसांनी घाम गाळून केलेल्या कामावर आमचं गाव छापायचं, म्हणजे त्यांचे हात पुसून टाकायचे. ज्यानं केलं त्याचं नाव त्याच्यावर असू द्या. त्यांनाही गाव असेलच की.

तू हे विचारलंस याचं जास्त लागलं. पॉलिटेक्निकमध्ये मी दुसऱ्या मुलीचं जर्नल उतरवून काढलं म्हणून आठवडाभर माझ्याशी न बोलणारी करुणा कुठं गेली? तिकडं राहून माणसं दलाल होतात का?

हेच उत्तर साहेबांना दे. एक शब्द कमी करू नकोस.

तनुजा


करमाड
३१ ऑगस्ट २०२५

करुणे,

दोन महिने झाले, तुझं अक्षर नाही. चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही.

इकडची बातमी तुला कळली असेलच. या आठवड्यापासून अमेरिकेनं आपल्या मालावरही जबर जकात लावली. म्हणजे तुझ्या साहेबांची छोटी मागणी आली असती तरी आता गेलीच असती. पारावर सगळे अर्थतज्ज्ञ झालेत. कुणी म्हणतो अमेरिकेला धडा शिकवा, कुणी म्हणतो चीनशी दोस्ती करा. तात्या चहा पिऊन गुमान उठून येतात. शेड बघायला एक खतवाला येऊन गेला. आत फिरून म्हणाला, गोदामाला बरी आहे. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

पण मी शेडसाठी लिहीत नाही. परवा चिकलठाण्याला तुझ्या घरी गेले होते. सखारामकाका म्हणाले, पोरगी मजेत आहे. कडूकाकूंनी मात्र चहा देताना माझा हात दोन मिनिटं सोडला नाही. त्यांनाही काही ठाऊक नाही, हे मला कळलं.

मी जे लिहिलं होतं त्यातला नकार परत घेणार नाही. 'दलाल' हा शब्द तेवढा परत घेते. तू आहेस कुठं? एक ओळ लिही. शिव्या दे, पण लिही.

तुझी,
तनुजा


निंगबो
१४ सप्टेंबर २०२५

तनुजे, जय भीम!

आधी शिव्या. मूर्ख बाई! इतक्या वर्षांत मी तुला कधी 'प्रिय तनुजा' म्हटलंय?

ते पत्र साहेबांनी शेजारी बसून माझ्याकडून लिहून घेतलं. फोनवर भाषांतर करून एकेक वाक्य तपासलं. माझ्या हातात फक्त पहिली ओळ होती. म्हटलं, 'जय भीम' नाही, 'तनुजे' नाही, 'प्रिय' आहे, म्हणजे हिला कळेल की हे माझं बोलणं नव्हे. तर तू चिडून पान भरलंस. पण बरं झालं चिडलीस. तुला कळलं असतं तर तू सौम्य लिहिलं असतंस, आणि मग पुढचं काहीच घडलं नसतं.

तुझं उत्तर आलं त्या दिवशी बैठक होती. टेबलावर शेनबाबांच्या बिजागऱ्या मांडलेल्या, ठशाविना. त्यांना एवढंच सांगितलं होतं की माल भारतमार्गे जाईल. साहेब म्हणाले, भारतातून काय आलंय त्याचा सारांश सांग. मी म्हटलं, याचा सारांश होत नाही. आणि उभी राहून तुझं पत्र चिनी भाषेत वाचलं. सगळं. एक शब्द कमी केला नाही. जर्नलचंसुद्धा वाचलं, दलालाचंसुद्धा. साहेब दोनदा म्हणाले, पुरे. मी थांबले नाही. 'ज्यानं केलं त्याचं नाव' इथं आले तेव्हा वाटलं होतं आवाज थरथरेल, तर तो उलट मोठा झाला. तनुजे, तुझा मला अभिमान वाटलाच, पण त्या घटकेला स्वतःचाही इतका वाटला की काय सांगू!

शेनबाबा खाली मान घालून ऐकत होते. संपल्यावर उठले. टेबलावरच्या स्वतःच्या बिजागऱ्या एकेक करून पिशवीत भरल्या, म्हणाले, "हा माल मिळणार नाही," आणि गेले. जाता जाता माझ्या पेल्यात त्यांनी चहा ओतला. इथं मोठ्या माणसानं लहानाला असा मान देणं म्हणजे काय, ते तुला लिहून कळणार नाही.

माझी नोकरी गेली. इथं नोकरी गेली की व्हिसाही जातो, मुदत थोडी असते. घरमालकीणबाईंनी रोज सूप आणून दिलं आणि अजिंठ्याच्या बुद्धाला माझ्यासाठी हात जोडले. आता त्यांनाही तोच खरा वाटतो. तुला कळवलं असतं तर तू स्वतःला दोष देत बसली असतीस आणि आईला कुणकुण लागली असती. म्हणून ठरवलं, पाय टेकल्याशिवाय लिहायचं नाही.

पाय टेकले. शेनबाबांनी मला कामावर घेतलं. अमेरिका सोडून आफ्रिका आणि आखाताकडं माल पाठवायचं काम माझ्याकडं आहे. माझं टेबल वरच्या मजल्यावर, खाली प्रेस. धाड, धाड, धाड. डोळे मिटले की करमाड.

आता नीट वाच. नैरोबीचे एक गुजराती व्यापारी शेनबाबांकडं आले होते. त्यांना गोठ्यांच्या आणि गोदामांच्या जड फाटकांसाठी बिजागऱ्या हव्यात. शेनबाबांच्या प्रेस हलक्या कामाच्या, तुमच्या जड. मी काही बोलायच्या आत शेनबाबाच म्हणाले, "भारतात एक बाई आहे. खोटा ठसा मारणार नाही. तिच्याकडून घ्या." मी फक्त भाषांतर केलं, देवाशपथ. आणि देवाशपथ म्हणाले म्हणून हसू नकोस.

नमुने त्यांना थेट नैरोबीला पाठव. पत्ता सोबत. तात्यांना सांग, ठसा खिशातून काढा.

करुणा


करमाड
५ ऑक्टोबर २०२५

करुणे,

पत्र तात्यांना वाचून दाखवलं. शेनबाबांनी तुझ्या पेल्यात चहा ओतला तिथं आले तर म्हणाले, "थांब जरा." चष्मा पुसला. मग म्हणाले, "सखारामची पोर लई धीराची." आणि लगोलग मोटारसायकलवर मागं बसून मला चिकलठाण्याला न्यायला लावलं. तुझ्या आईबाबांना मी सगळं सांगून टाकलंय. रागावू नकोस. कडूकाकू आधी रडल्या, मग गल्लीभर सांगून आल्या की माझ्या लेकीनं चीनमध्ये साहेबासमोर उभं राहून पत्र वाचलं. काका आत जाऊन सदरा बदलून आले. दसऱ्याला बुद्धलेणीवर जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी दोघं शेडवर आले होते.

नमुने तयार झाले तेव्हा प्रश्न पडला, तपासायचे कसे? तिकडं त्यासाठी यंत्र होतं, आमच्याकडं काय? मग शेडचं लोखंडी फाटक काढून नव्या बिजागऱ्यांवर टांगलं आणि पारूबाई, मनकर्णाबाई, मी आणि सखारामकाकासुद्धा त्याच्यावर चढलो. तात्यांनी फाटक ढकललं. आम्ही सगळे झुलत रस्त्यापर्यंत गेलो आणि परत आलो. पारावरची मंडळी चहा हातात धरून बघत राहिली. बिजागरी हूं की चूं नाही. मनकर्णाबाई खाली उतरायलाच तयार नव्हती.

खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलं. नाक मुरडू नकोस, प्रेसला वाहिलं, मालाला नाही. खोक्यात दाणाही नाही, मी स्वतः हात घालून तपासलं.

आणि एक जोड वेगळा, शेनबाबांच्या घरच्या दारासाठी पाठवतेय. बदल्यात त्यांच्या बिजागऱ्यांचा एक जोड मला हवा आहे. शेडच्या आतल्या दाराला लावणार. त्यावर त्यांचं नाव असलं पाहिजे, एवढी एकच अट.

खतवाल्याला तात्यांनी कळवलं, शेड रिकामी नाही.

तनुजा


निंगबो
२२ नोव्हेंबर २०२५

तनुजे, जय भीम!

नैरोबीचा होकार तुला थेट आलाच. इथं आला तेव्हा शेनबाबांनी प्रेस पाच मिनिटं बंद करून सगळ्यांना सांगितलं. आपलं काम दुसऱ्याला गेल्यावर टाळ्या वाजवणारा कारखाना मी पहिल्यांदा बघितला.

तुझ्या अटीनं मात्र त्यांची पंचाईत झाली. त्यांच्या मालावर आजवर कधी त्यांचं नाव नव्हतंच गं. गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं नाहीतर कोरं. ते दोन दिवस विचारात होते. मग स्वतः कानस घेऊन बसले आणि पोलादाचा ठसा घडवला. 'शेन' आणि खाली आईच्या गावाचं नाव. पहिला ठोका तुझ्या जोडावर मारला. जोड येतोय, जपून लाव.

तुमचा जोड त्यांच्या घराला लागला. पण म्हाताऱ्यानं तो उलटा लावला! करमाड आत लाकडात जाऊ नये, बाहेर दिसावं म्हणून. स्क्रू बसेनात, दार मिटेना. तर भोकं दुसऱ्या बाजूनं कोरून घेतली. आता शेजारीपाजारी विचारतात, हे कपडे वाळत घातल्याचं चित्र काय? ते सांगतात, "हे एका गावाचं नाव आहे. तिथली माणसं माझ्या ओळखीची आहेत." फोटो जोडलाय. मोठा करून बघ.

आणखी एक. मे महिन्यात खिशात टाकलेली ज्वारी त्यांनी कारखान्याच्या गच्चीवर लावली होती. मला सांगितलंच नाही. परवा हात धरून वर नेलं. माणूसभर उंच ताटं, आणि वर कणसं! मी तिथंच खाली बसले आणि पोटभर रडून घेतलं. घरमालकीणबाईंच्या खलबत्त्यात दाणे कुटले, चाळले, आणि एक भाकरी झाली. एकच. कडा फाटल्या होत्या, नीट फुगलीसुद्धा नाही. आम्ही तिघांनी वाटून खाल्ली, तिखटाबरोबर. शेनबाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटानं की आईच्या आठवणीनं, विचारलं नाही.

तात्यांना सांग, विमानतळावर माझी पुरचुंडी काढून घेतली होती, हे आता त्यांना कळलं तरी चालेल. सोबत पोचली.

करुणा


करमाड
८ डिसेंबर २०२५

करुणे,

आज नैरोबीचा पहिला माल निघाला. तात्यांनी तो दाराचा फोटो फ्रेम करून शेडच्या दर्शनी भिंतीला लावलाय. पारावरचे सगळे एकेक करून बघून गेले. करमाड बाहेरच्या बाजूला आहे, परदेशातल्या दारावर, आणि ते कुणी वाचायला सांगत नाही, आपोआप वाचलं जातं. आज सोन्या-लोखंडाची चेष्टा कुणी केली नाही. एकानं तर विचारलं, आमच्या पोराला कामावर घेशील का?

पहिलं खोकं बंद करायच्या वेळी तात्या आले. उजवी मूठ मिटलेली. मनकर्णाबाई माझ्याकडं बघायला लागली, पारूबाईनं प्रेस थांबवली. मी झाकण धरून उभी होते. ते खोक्याजवळ उभे राहिले. आत वाकून बिजागऱ्यांकडं बराच वेळ बघितलं. मग मूठ तशीच मागं घेतली आणि ज्वारी परत बंडीच्या खिशात सोडली, जिथं मध्यंतरी ठसा होता तिथं.

म्हणाले, "लाव झाकन. माल आता येकटा नाय जात. फुडं आपली मानसं हायेत."

तुझी,
तनुजा